सतराची भीती

मी एक जुनी, लांबलचक संख्या आहे. ओळीने आठ तीन आणि शेवटी एकटा एक, म्हणजे तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. मित्रांनो, माझा जन्म भीतीत गेला, आणि ती भीती होती सतराची.

मला सात थोरल्या बहिणी. एकतीस, तीनशे एकतीस, तीन हजार तीनशे एकतीस, अशा एकेका तीनने वाढत गेलेल्या. सातही जणी मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून कुणानेही त्यांना पूर्ण भाग जात नाही. आठवी मी. घराणं बघून सगळ्यांनी मलाही मूळ ठरवून टाकलं. माझ्या पोटात सतरा दडलाय, हे मला एकटीला ठाऊक होतं.

गणिताच्या बाई दर वर्षी मला फळ्यावर लिहीत आणि मुलींकडून भागून घेत. तीनने एक उरे, सातने दोन, अकराने एक, तेराने सहा. बाकी उरली की माझा जीव भांड्यात पडे. तेराशी तास संपायचा. खरं तर मला साधारण अठरा हजारांपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. पण घंटा झाली की बाई म्हणत, ही बहिणींसारखीच, आणि मला पुसून टाकत. कौतुकाने मला जास्तच धडकी भरायची.

मग बाईंनी शाळेच्या भिंतीवर आम्हा आठजणींना रंगवायला काढलं. वर मथळा, 'न फुटणारं कुटुंब'. रंगारीकाकांचा हात सावकाश. एकेका तीनला गोंजारत बसायचे. खाली अंगणात ताटकळलेल्या मुलींनी वेळ घालवायला मलाच भागायला घेतलं. तेरा झाला. घंटाही झाली, पण कुणी उठेना. पुढचा सतरा होता.

"बाई," एक वेणीवाली हळूच म्हणाली, "सतराने काहीच उरत नाहीये."

बाईंनी वही घेऊन स्वतः भागाकार केला. पुन्हा केला. त्यांचा चेहरा पडला.

शिडीवरून काकांनी विचारलं, "आठवी लिहू, की राहू देऊ?"

आता आपण कायमच्या पुसल्या जाणार, असं वाटून मी डोळे मिटले. बाईंनी वही मिटली.

"लिहा," त्या म्हणाल्या. "मथळा तेवढा पुसा. आणि हिच्या शेजारी सतरा लिहा, ठळक."

तेव्हापासून मी बहिणींच्या खाली भिंतीवर आहे. कुणी मला हाकललं नाही. मित्रांनो, आधीच्यांकडे बघून पुढचीला शाबासकी देऊ नका. तिला तपासा, पण मायेने तपासा. ती आत किती घाबरलेली असेल, ते बाहेरून दिसत नाही.

काल मुलींनी माझ्याखाली खडूने माझी धाकटी लिहिली, नऊ तीन आणि एक. हल्ली घंटा झाली तरी त्या उठत नाहीत. मी धाकटीला विचारलं, "तुझ्या पोटात कुणी आहे का गं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. मीही इतकी वर्षं अगदी याच आवाजात म्हणत आले होते.