उरलेली एक

शर्टांच्या कारखान्यात माणसं दोन हजार पाचशे एकवीस, आणि साहेबांना हवा होता सगळ्यांचा फोटो, सारख्या ओळींत, गच्चीवरून काढलेला. काम मुकादमाच्या गळ्यात पडलं. त्यात अवघड ते काय, असं त्याला वाटलं होतं.

पहिला स्वतः उभा राहून त्याने जुन्या माणसांपासून दहादहाच्या ओळी लावल्या. शेवटी एक बाई उरली. नऊनऊच्या लावल्या, तीच उरली. आठ, सात, सहा करत तो जोड्यांपर्यंत खाली आला, तरी ती आपली मैदानाच्या टोकाला एकटीच. ती त्याची वहिनी होती. भाऊ गेल्यावर त्यानेच साहेबांच्या हातापाया पडून तिला काजाबटणांच्या खात्यात चिकटवलं होतं, त्याला आठवडाही झाला नव्हता.

"पायगुण," कुणीतरी पुटपुटलं.

साहेब गच्चीवरून ओरडले, "एक माणूस जास्तच झालंय म्हणायचं! उद्या तिला बोलावू नका. नंतरचं नंतर बघू."

साहेबांचं 'नंतर' म्हणजे नोकरीवरून काढणं, हे मुकादमाला कळून चुकलं.

घरी त्याने पोरीपुढे रडगाणं गायलं. ती कॉलेजात गणित शिकत होती.

"बाबा, ही मूळ संख्या आहे. कितीच्याही ओळी लावा, बाकी राहणारच. नाहीतर सगळ्यांची एकच ओळ करा."

"ती फाटकाबाहेर हमरस्त्यावर जाईल! आणि वहिनींना वगळलं तर?"

"मग दोन हजार पाचशे वीस. त्याला एकपासून दहापर्यंत कशानेही भाग जातो."

"म्हणजे खोट त्यांच्यातच?" मुकादम पार गोंधळला.

"अहो बाबा, एक उरतो. तो कोण, हे आकड्याला काय ठाऊक?"

हे डोक्यात शिरलं की डोक्यावरून गेलं, त्याचं त्यालाच कळेना. जेवताना त्याने आमटीत दोनदा मीठ घातलं.

सकाळी वहिनी फाटकाशीच घुटमळत होती. "भाऊजी, मी जाते घरी. माझ्यापायी तुमच्या नोकरीवर गदा नको."

"गप उभ्या राहा शेवटी," तो खेकसला.

पुन्हा दहादहाच्या ओळी लागल्या. मग मुकादम आपल्या पहिल्या जागेवरून बाजूला झाला. मागचे एकेक पुढे सरकले, आणि शेवटच्या ओळीत वहिनी बरोबर दहावी आली.

"मुकादम, तुम्ही कुठे निघालात?"

"आज जास्तीचा मी, साहेब. उद्यापासून मलाही बोलावणार नाही ना?"

मैदानात खसखस पिकली. मुकादमावाचून तिथलं पान हलत नव्हतं, हे साहेबांनाही ठाऊक होतं. मुकादमही हसला, पण एकटं उभं राहिल्यावर हातांचं काय करावं हे त्याला समजेना. काल आपण वहिनींना दिवसभर असंच उभं केलं, हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाऊजी, तिथे काय करताय? या की इकडे!"

"कुठे येऊ, वहिनी? जागा नाही."

वहिनी जराशी सरकली. तिच्या शेजारची सरकली. साहेब गच्चीवरून ओरडत राहिले, आणि फोटोत शेवटच्या ओळीत अकरा माणसं आली.