सोफ्यातले चार इंच

बैठकीतला सोफा मधोमध खाली बसला होता, आणि तो का बसला हे प्रभाकरला नुसतं पाहूनच कळलं होतं. त्याच्या बायकोचा, उर्मिलाचा वैताग तिथूनच सुरू झाला.

"कापूस दबला," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "पाच वर्षं झाली घेऊन. गोळा होऊन जाते तो. पिंजून, नवा भरला का बस."

"एकदा खालून तर पाहा."

"खालून काय पाहायचं? अवं, मले कापसातलं नको सांगू."

यावर बोलायची सोय नव्हती. तीन पिढ्यांपासून पांढुर्ण्यात या घराचा कापसाचा व्यापार. प्रभाकर बोंडातला कापूस चिमटीत धरून धाग्याची लांबी सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. त्यामुळे घरात काहीही बिघडलं की त्याला आधी कापूसच आठवायचा.

एरवी उर्मिलाने सोफ्याचं एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण शुक्रवारी तिचे सासरे, केशवराव, नागपूरच्या दवाखान्यातून घरी येणार होते. मांडीच्या हाडात सळई टाकली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, ठेंगण्या जागेवर बसवू नका, उठता येणार नाही. लाकडी खुर्चीवर टाक्यांची जागा दुखली असती आणि घरातली खाट सोफ्याहूनही ठेंगणी. केशवरावांनी तर दवाखान्यातूनच निरोप पाठवला होता, "मले उठवायले कोणाचा हात लागला, तर मी बोरगावच्या मळ्यात जाऊन राहीन. घरात ओझं होऊन राहणार नाही."

मळ्यात एक राखणदार आणि संत्र्याची झाडं. सत्तरीचा माणूस तिथे एकटा कसा राहणार? आणि म्हातारा बोलला की करायचा. लग्नानंतर उर्मिलाचं मास्तरणीचं ट्रेनिंग पुरं झालं ते याच म्हाताऱ्याच्या हट्टापायी. सगळं घर नको म्हणत असताना ते स्वतः तिला सौंसरच्या बसमध्ये बसवून द्यायला जायचे. त्यांना मळ्यात जाऊ द्यायला ती तयार नव्हती.

सोमवारी कवडू गादीवाला आला. प्रभाकरने दुकानातून निवडून आणलेला लांब धाग्याचा कापूस त्याने पिंजला आणि चार इंचांच्या गाद्या फुगवून सहा इंचांच्या केल्या. सोफा नव्या नवरदेवासारखा दिसू लागला. प्रभाकर ऐटीत त्यावर बसला आणि बसला तो खालीच गेला. गुडघे छातीशी आले. उठताना त्याला दोन्ही हातांनी टेबल धरावं लागलं.

"आणखी दोन किलो लागते," तो म्हणाला.

उर्मिलाने कपाळाला हात लावला. मग तिने शाळेच्या पिशवीतून फळ्यावर रेघा मारायची लांब फूटपट्टी काढली.

"बसा परत."

"कायले?"

"बसा म्हणते ना!"

तो बसायच्या आधी तिने रिकाम्या सोफ्याची उंची मोजली, एकोणीस इंच. प्रभाकर बसल्यावर मोजली, तर नऊ भरली. चौथीच्या पोराला विचारावं तसं तिने नवऱ्याला विचारलं, "किती दबला?"

"दहा इंच."

"आणि गादी किती जाड आहे?"

"सहा."

"मंग सहा इंचाची गादी दहा इंच कशी दबन? दबून दबून कागदासारखी झाली तरी सहाच इंच जातीन. बाकीचे चार कुठी गेले?"

प्रभाकरने बोटांनी गादीची जाडी मोजली. हिशोबात तो कच्चा नव्हता, म्हणूनच त्याचा चेहरा उतरला.

"चार इंच तुमच्या कापसात नाही," ती म्हणाली. "कापसाच्या खाली आहे. आता सोफा उलटा करा."

दोघांनी मिळून सोफा पालथा घातला. खालचं काळं अस्तर पोट सुटल्यासारखं लोंबत होतं. उर्मिलाने ते उसवलं. आत निवारीच्या, म्हणजे खाटेला लावतात तशा जाड सुती, सात पट्ट्या होत्या. त्यातल्या तीन मागच्या लाकडापासून सुटून खिळ्यांसकट लोंबकळत होत्या. म्हणजे माणूस बसायचा तो जवळजवळ हवेतच. वरून जितका कापूस भरावा तितकं त्या उरलेल्या चार पट्ट्यांवरच ओझं.

कवडूला परत बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि मान हलवली. "हाव बाई. सोमवारीच हाताले लागलं होतं, खाली ढिल्लं हाय म्हणून."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"शेठजी म्हणे कापूस भर. आता कापसातलं मी शेठजीले काय सांगू?"

उर्मिलाने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. दोघंही उलट्या सोफ्याकडे पाहू लागले.

रुंद निवार पांढुर्ण्यात मिळेना. बुधवारी प्रभाकर सौंसरला गेला. दोन तासांच्या कामाला त्याने दिवस लावला, कारण निवारीत सूत कोणतं वापरलं यावरून त्याने दुकानदाराशी वाद घातला होता. "आधी दाखवली त्यात भेसळ होती," तो निवारीचं भेंडोळं घेऊन घरात शिरता शिरता म्हणाला. उर्मिलाने जेवणाचं ताट त्याच्यासमोर जरा जोरातच ठेवलं.

गुरुवारी काम झालं. जुन्या भोकांमधलं लाकूड भुसभुशीत झालं होतं, तिथे खिळा धरला नसता. म्हणून कवडूने शेजारी, घट्ट लाकडात नवे खिळे मारले. पट्टीचं टोक दुमडून दुहेरी केलं, म्हणजे खिळा सूत फाडणार नाही. मग पट्टी काठीला गुंडाळून प्रभाकरने ओढून धरायची आणि कवडूने ठोकायची. उभ्या सात झाल्यावर आडव्या पाच, एक वरून एक खालून, खाट विणतात तशा. प्रभाकर घामाघूम झाला, पण एक पट्टी त्याने ढिली सोडली नाही.

संध्याकाळी तो परत बसला. फूटपट्टी सतरावर थांबली.

शुक्रवारी केशवराव आले. काठी टेकत बैठकीत शिरले, सोफ्याकडे संशयाने पाहिलं आणि हळूच बसले. चहा झाला, दवाखान्याच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी काठी हातात घेतली आणि सगळ्यांच्या नजरा त्या काठीवर खिळल्या. कवडूसुद्धा दारात येऊन उभा होता.

केशवराव भडकले. "काय पाहून राहिले सगळे? तमाशा हाय का? तोंडं फिरवा तिकडे!"

"मामाजी, आम्ही नुसतं..."

"उर्मिला, तू पण!"

तिघंही भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मग एक लांब श्वास. मग काहीच नाही. उर्मिलाचे हात आपोआप मागे वळायला निघाले होते. तिने ते पदरात घट्ट गुंडाळून धरले.

काठीचे ठोके हळूहळू अंगणाच्या दारापर्यंत गेले.

"प्रभाकर," बाहेरून आवाज आला, "बोरगावच्या राखणदाराले सांगून दे, मी येत नाही म्हणा. आणि मले पाणी द्या कोणी, हात धुवायचे आहेत."

त्या संध्याकाळी केशवराव आणखी तीनदा सोफ्यावर बसले आणि तीनदा उठले, उठायचं काही कारण नसताना. घरातल्या कोणीही तिकडे पाहिलं नाही.