आपली आज्ञा असेल तर

पोहांगच्या नौदल तळावरच्या त्या सरावाच्या खोलीतला समुद्र खोटा, जहाज खोटं, हेलिकॉप्टरही खोटंच. उनबी बोंगला फुटलेला घाम तेवढा खरा. आज चाचणी होती. जहाजावर उतरणं जमलं नाही, तर बदली कायमची जमिनीवर. आणि जहाजावरून उडायचं हे तर तिचं शाळेपासूनचं वेड.

हात तिचा सुरेख होता. घोडं पेंड खायचं ते जिभेपाशी. डोलणारं जहाज मध्येच क्षणभर स्थिरावतं. तेवढ्यात डेकवरच्या खलाशाला 'उतरतेय' म्हणून टेकायचं असतं. पण त्या खलाशाचा आवाज बाहेरच्या टेबलावरून तिचे प्रशिक्षक प्यो सर काढायचे, आणि उनबी पडली समुद्रापासून लांबच्या आंदोंगची. तिथे मांजरालासुद्धा 'अहो' म्हणतात.

"सर, आपली आज्ञा असेल तर मी आता उतरण्याचा..."

धाडकन! वाक्य पुरं होईस्तोवर जहाज पुन्हा वर आलं होतं.

"बुडालीस," सर तिच्या कानात म्हणाले. "पण काय अदबीनं बुडालीस गं! माशांनी उठून नमस्कार केला असेल."

"माफ करा, सर."

"सर कोण? मी डेकवरचा खलाशी, अजून मिसरूड फुटायचंय. तुम्ही आंदोंगवाले समुद्र बघता तो खारवलेल्या बांगड्यात. हा बांगडा जिवंत आहे बाई, थांबत नाही. चल, शेवटची खेप."

खाली जहाज वर-खाली होत होतं, आणि कानात सरांची टकळी चालूच. "मॅडम, आज्ञा लेखी आणू का? मॅडम, शिक्का कुठे मारू?"

जहाज स्थिरावलं.

"ए, गप रे! उतरतेय!"

चाकं टेकली. उनबीनं जीभ चावली. आंदोंगच्या बोंगांपैकी आजवर कुणी वडीलधाऱ्याला 'ए' म्हटलं नव्हतं.

"पास," सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा जड झाला होता. "खऱ्या समुद्रावरही अशीच ओरड, पोरी. मला तू परत आलेली हवी आहेस."

तिला रडूच आलं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. उनबीनं सोजू दारूची बाटली दोन्ही हातांनी धरून मान लववली. "सर, आपली आज्ञा असेल तर मी आपल्याला थोडी..."

सर पेला वर-खाली डोलवायला लागले. मग एकदम थांबले.

उनबीनं वाक्य तिथंच टाकलं आणि ओतली.