उलटी धरलेली पांढरी छत्री

मी एक जुनी, पांढऱ्या कापडाची छत्री आहे. मित्रांनो, मला आजवर कुणी डोक्यावर धरलं नाही. मला धरतात ती उलटी, पोट वर करून.

कारखान्यात माझं कापड काड्यांना शिवणारी बाई तेव्हाच हसली होती. "पांढरी? ही कोण घेणार? एवढासा डाग पडला तरी दिसेल." खरंच कुणी घेईना. मग दुकानात ताई आली. तिने मला उजेडात उघडलं नि म्हणाली, "दिसायलाच हवेत मला डाग."

डाग म्हणजे किडे.

डोंगरात, जंगलाला लागून, ताई आणि तिचा धाकटा भाऊ पाहुण्यांसाठी खोल्या चालवत. खोल्या नि जेवण भाऊ बघे. ताई पाहुण्यांना रानात नेऊन किडे आणि कोळी दाखवी. मला फांदीखाली उलटी धरायची आणि फांदीवर काठीने टोला द्यायची. टपटप सगळे माझ्यात. तुडतुडे, भुंगेरे, वाळक्या काटकीसारखा काडीकिडा, खेकड्यासारखा आडवा पळणारा कोळी. चांगली मोठमोठी माणसं माझ्यात डोकं खुपसून बघत. बघून झालं की ताई माझी कड फांदीला टेकवून उभी राही. सगळे किडे आपापल्या पायांनी घरी जात. कुणा पाहुण्याने घाई केली तर म्हणे, "थांबा हो. उतरायचं का, हे आपण त्यांना विचारलं होतं का?"

एकदा एका पाहुणीच्या न्हाणीघरात कोळी निघाला. तोंडाला साबण तसाच ठेवून ती अंगणात धावत आली.

"अहो, हाताएवढा आहे!"

"पण मॅडम, तुम्ही कोळीच बघायला आलात ना?" भाऊ म्हणाला.

"रानात बघायला आलेय! आंघोळीला सोबत नकोय मला!"

ती लगेच निघून गेली आणि जाताना आमची बदनामी करत गेली. खोल्या रिकाम्या पडल्या. भावाने फवारणीवाल्याला बोलावलं.

"किडे मारलेस तर लोकांना दाखवू काय? तुझं तोंड?" ताई कडाडली.

"ताई, फक्त खोल्या करतोय गं. रानाला हात लावत नाही. तुझी शपथ."

ताईने विश्वास ठेवला आणि ती बाजाराला गेली.

खोल्या झाल्या. फवारणीवाल्याने पाठीवरची टाकी हलवून बघितली. "दादा, औषध उरलंय. फुकट जाण्यापेक्षा मागची झाडं करून टाकू का?"

भाऊ फोनवर होता. त्याने मानेनेच हो म्हटलं.

बस, एवढंच. राग नाही, वैर नाही. उरलं होतं म्हणून! मी व्हरांड्यात खुंटीला लटकून सगळं बघत होते. छत्रीला बोंब मारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई नव्या पाहुण्यांना घेऊन मागे गेली. काही ठाऊक नसताना तिने टोला दिला. मित्रांनो, मी एवढी कधीच भरले नव्हते. नुसता खच पडला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बापरे, केवढे!"

"आणि हलतसुद्धा नाहीत! फोटो बघ काय भारी येतायत."

जन्मातलं सगळ्यात मोठं कौतुक माझ्या वाट्याला त्या दिवशी आलं. ताईने काडीकिड्याला बोट लावलं. तो कलंडला.

"मेलेत ते," ती म्हणाली.

"हो? सगळे?" असं म्हणत एकाने आणखी एक फोटो काढला.

भाऊ ढसाढसा रडला. "एवढं होईल हे मला काय माहीत, ताई!" पण पाहुणे खोल्यांवर खूश होते, एक डास नाही म्हणून. त्यामुळे रडून झाल्यावर त्याने पुढची फवारणी ठरवली. फक्त खोल्या, म्हणतो. वाऱ्याला हे कोण समजावणार? आमचं बघून डोंगरात आमच्या वरच्या नि खालच्या खोल्यावाल्यांनीही तेच सुरू केलं.

आता रानात कुणी येत नाही. बघायला आहे काय? पाखरंसुद्धा फिरकत नाहीत. ताई एकटीच मला घेऊन जाते, टोला देते, आणि माझ्यात वाळकी पानं पडतात.

आज मात्र एक जिवंत पडली. वाटाण्याएवढी कोळीण, पोटाखाली अंड्यांची पांढरी पिशवी घट्ट धरलेली. ताईने माझी कड फांदीला टेकवली, आणि झटकन मागे घेतली. त्या फांदीला अजून औषधाचा वास येत होता. ताई पुढच्या झाडाकडे गेली, पानं हुंगली, मागे फिरली. मग त्याच्या पुढचं झाड. वर खोल्या, खाली खोल्या. कोळीण माझ्या कडेला येई, खाली वाकून बघे, पुन्हा मध्ये जाऊन बसे.

मित्रांनो, मला शिवा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. मी काय, कापड आणि काड्या. पण तुम्ही पाहुणे म्हणून कुठे ना कुठे जालच. खोलीत कोळी बघून किंचाळालही. म्हणून तुम्हालाच विचारते. ताईचे हात भरून आले आहेत, अंधार पडतो आहे, आणि ती अजून मला उलटी धरून उभी आहे.

या आईला आम्ही कुठे सोडायचं?