समोर कोणीच नाही

नेनितामावशीने सकाळीच परातभर पान्सित केलं होतं, कोंबडी आणि भाज्या घालून परतलेल्या शेवया. तिची भाची चेरिस नुकतीच नर्स झाली होती, आणि नव्या नर्सना वर्षभर हाताखाली घेऊन शिकवणाऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात आज तिची मुलाखत होती.

"मुलाखत घेणाऱ्यांना आधी खाऊ घाल," मावशी म्हणाली. "तिकडे कॅलिफोर्नियात, स्टॉकटनमध्ये, मला नोकरी अशीच लागली."

"मावशी, मुलाखत इथेच आहे, लॅपटॉपवर. प्रश्न लिहून येतो आणि दोन मिनिटांत उत्तर रेकॉर्ड करायचं. समोर माणूस नसतो."

"मग बोलायचं कुणाशी?"

"स्वतःच्याच थोबाडाशी. नंतर कोणी बघितलं तर बघितलं."

"मेल्यांना एक माणूस बसवायला जड झालं? आणि माणसं सांभाळायला निघालेत."

"हसू नकोस हं, सुरू होतंय."

पडद्यावर प्रश्न उमटला: घाबरलेल्या रुग्णाचा विश्वास तुम्ही कसा मिळवाल?

चेरिसने उत्तर घोकून ठेवलं होतं. पण पडद्यावरचा आपलाच गोड हसरा चेहरा पाहून तिचं डोकं सणकलं.

"आधी त्याच्या खोलीत जाईन," ती म्हणाली. "खुर्ची ओढून समोर बसेन आणि जेवलात का विचारीन. तुम्हाला माझ्यासाठी तेवढंही जमलं नाही."

मावशीने पान्सितचं ताट वाढून पुढे केलं. दोन मिनिटांतला उरलेला सगळा वेळ चेरिस कॅमेऱ्यासमोर सावकाश जेवत बसली.