लोहयुक्त मुरूम

जयसिंगशेठ प्रयोगशाळेत यायचे तेव्हा आधी अत्तर यायचं, मग पोट, मग ते स्वतः. हिंजवडीतल्या आपल्या उसाच्या रानात ते कंपन्यांमधल्या मुलींसाठी चार मजली हॉस्टेल उठवत होते. पायाच्या खड्ड्यात दोन काळ्या खडकांच्या मधे लाल पट्टा लागला होता. तो पक्का मुरूम आहे, असा कागद त्यांना हवा होता, आणि त्यावर सही इथं माती तपासणाऱ्या आम्रपालीची लागणार होती.

“ताई, आमचा आजा ह्याच मातीनं भिंती सारवायचा. मुरूमच हाय ह्यो.”

“आजोबांनी त्यावर चार मजले चढवले नव्हते,” आम्रपाली म्हणाली. “ढेकूळ पाण्यात टाकलं, तर चहा येईस्तोवर चिखल. ही ज्वालामुखीची राख आहे, शेठ. आतलं लोखंड गंजलं, म्हणून लाल.”

“लोखंड हाय ना? मग आणखी काय पायजे!”

नागोराव सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या मालकांनी, तिच्याकडे न बघता तोडगा काढला. “दुसरा नमुना पाठवा, शेठ. जरा खोलातला.”

दोन दिवसांनी पिशवी आली. उघडताच मशीनच्या तेलाचा कुबट भपकारा आला. आम्रपालीनं चिमूटभर माती फरशीच्या खरबरीत पाठीवर घासली. तीच तांबडी रेघ, म्हणजे तेच हेमॅटाइट, गंजासारखं लाल लोहखनिज. ते साध्या चुंबकाला दाद देत नाही. तिनं सवयीनं चुंबक फिरवला, तर त्याला दाढीच फुटली! चकचकीत, पिळाचा, तेलकट लोखंडी कीस. कारखान्यात लोखंड कातणाऱ्या लेथवरचा. एक कुसळ तिच्या अंगठ्यात घुसलं. कुणीतरी बसून, निगुतीनं, मेथीच्या पुऱ्यांच्या पिठात मोहन घालावं तसा हा कीस कालवला होता.

तिनं चुंबक सरांपुढे धरला. सर खारी बुडवत होते.

“लोहाचं प्रमाण भरपूर, असं लिहा. खोटं आहे का?”

“नाही.”

“मग?”

तिनं तसंच लिहिलं. ‘नमुन्यात लोह भरपूर आहे.’ खाली लिहिलं, ‘ते मातीतले नसून लेथवरचे आहे. माती म्हणजे हेमॅटाइटयुक्त ज्वालामुखीय राख, पाण्यात तिचा चिखल होतो. पायास अयोग्य.’ मग सही केली. सर कुठलाही अहवाल पहिल्या ओळीपर्यंत वाचत आणि मग शिक्क्याची जागा शोधत. शेठही पहिल्या ओळीलाच खूश झाले. कागद त्यांनी स्वतःच्या हातानं इंजिनिअरला नेऊन दिला.

इंजिनिअरनं मात्र शेवटपर्यंत वाचला. काम थांबलं.

तिसऱ्या दिवशी अत्तर आलं, पोट आलं, शेठ आले. आता शिव्या येणार म्हणून आम्रपाली ताठ बसली. शेठनी खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला.

“ताई, कीस लई झाला का? येका पिशवीला किती घालायचा असतो, तेवढा अंदाज द्या.”

पलीकडे नागोराव सरांचा खारी धरलेला हात कपावरच थांबला. उत्तर त्यांनाही हवं होतं.