मिनिटाला बारा

मत्स्यालयातली थंड टाकी साफ करायला आलेल्या पंपवाल्याने काचेला नाक लावलं.

"मॅडम, हा आमच्या कुंडीखालचाच किडा ना? एवढा केलात काय खाऊ घालून?"

"त्याचाच खोल समुद्रातला भाऊबंद. चौदा महिने काहीच खाल्लेलं नाही त्याने."

"आमची बायकोही हेच सांगते!"

मी त्याला सांगितलं. समुद्राच्या तळाशी अन्न वरून पडेल तेव्हाच मिळतं. मोठ्या अंगात साठा जास्त मावतो आणि वजनाच्या मानाने खर्च कमी लागतो. थंडीत सगळं संथ चालतं, वयात यायला उशीर होतो, म्हणून वाढ चालू राहते. यातलं कोणतं कारण किती, हे अजून पक्कं कळलेलं नाही.

तो जिवंत असल्याची खूण एकच: पोटाखालच्या कल्ल्यांची हालचाल. रोज सकाळी ओल्या फरशीवर गुडघे टेकून, लाल दिवा धरून मी ती मिनिटभर मोजायची आणि वहीत आकडा लिहायची. त्या आकड्यांवर संचालकांचा त्याच्या उपासाचा अहवाल उभा होता. सोमवारी तो जाणार होता.

"पण मॅडम, पाइपचा धक्का लागला तर हा उलटाच झाला."

मी खाली बसले. कल्ले स्थिर होते. पाच मिनिटं पाहिलं. उचलल्यावर दोन पाय गळून पडले. एवढ्या थंड पाण्यात एका दिवसात असं होत नाही.

संचालक आले. "कधी गेला?"

"माहीत नाही."

त्यांनी वही पाहिली. "आज सकाळी बारा आहे. मग आजच गेला. संपलं."

मी वही मागितली. आधी अकरा, तेरा, नऊ, असे आकडे होते. मग बारा. बारा. बारा. एकोणीस ओळी. पहिला बारा आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा होता. त्या दिवशीही मी सकाळी नऊला हजर होते. सगळे म्हणाले, किती धीराची आहे. त्या एकोणीस दिवसांत एकदाही गुडघे ओले झाल्याचं आठवेना.

"हे मी मोजलेलं नाही," मी म्हणाले.

"अहो, हळू बोला. अहवालाचं काय?"

"तो थांबवावा लागेल."

 ते पाठ फिरवून निघून गेले.

"पंप बंद करू?" पंपवाल्याने विचारलं.

"चालू राहू द्या, पाणी थंड राहील. याची लांबी मोजायचीय."

मी पट्टी ठेवून एकेक ओळ खोडली, पुढे 'मोजले नाही' लिहिलं, सही केली. एकोणीस वेळा.